एका वर्गात मावशी आणि छोटू

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मुंबईतल्या एका रात्रशाळेत दहावीला गणित आणि मराठी शिकवणाऱ्या २६ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या वर्गात ३४ विद्यार्थी आहेत. २२ जण १६ ते २० या वयाचे असून दिवसा कॅन्टीनमध्ये, दुकानात किंवा कुरिअर वाटपाच्या कामावर असतात. उरलेले १२ जण ३५ ते ५२ या वयाचे आहेत आणि त्यांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया अधिक आहेत. शिकवण्याचा वेग कुणालाच मानवत नाही. मुले कंटाळतात, तर मोठ्यांना समजले नाही तरी ते विचारत नाहीत. आईच्या वयाच्या बाईला "हे चुकले" असे सांगताना शिक्षिकेची जीभ रेटत नाही. मुलांना "यांच्याकडे बघून तरी शिका" असे सांगितले, तर परिणाम उलटाच होतो. तीन आठवड्यांपूर्वी ४८ वर्षांच्या एक विद्यार्थिनी मराठीचा उतारा मोठ्याने वाचताना अडखळल्या, मागच्या बाकांवर हशा पिकला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत आलेल्या नाहीत. शिक्षिका विचारतात: फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेत आहे तसे मोठ्यांसाठी वेगळे वातावरण हवे, म्हणून मुख्याध्यापकांकडे दोन तुकड्या मागाव्यात का? आणि इतक्या वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकत्र शिकवायचे तरी कसे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी वाचताना एक गोष्ट लक्षात आली की, तुम्ही प्रत्येकाचे वय नेमके सांगितले आहे, पण कुणी शाळा कोणत्या इयत्तेत सोडली, का सोडली आणि त्याला किती वर्षे झाली, याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. माझ्या अनुभवात वर्गातले अंतर याच प्रश्नांच्या उत्तरांतून कळते. नववीत दोनदा नापास होऊन कॅन्टीनला लागलेला १९ वर्षांचा मुलगा आणि गेल्या वर्षी स्वतःच्या लेकीला शेजारी बसवून तिच्याकडून दहावीचा अभ्यास करून घेतलेली ४१ वर्षांची आई, या दोघांत पुस्तकाच्या अधिक जवळ कोण आहे, हे वयावरून सांगता येणार नाही. तेव्हा तुकड्यांचा विचार करण्याआधी एक संध्याकाळ प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटे एकट्याने बोला आणि या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत टिपून ठेवा. ३४ जणांसाठी तीन तास लागतील, म्हणजे एका रात्रीचे सगळे तास जातील. ते जाऊ द्या.

तुम्ही लिहिले आहे की, प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असते असे बी.एड.ला शिकवले होते, पण ते वर्गात कसे वापरायचे ते उमगत नाही. हे शास्त्र ज्यांच्या नावाशी जोडले जाते त्या माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांबद्दलची एक गोष्ट तुम्हाला दिलासा देईल. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात प्रौढांना शिकवणे आणि मुलांना शिकवणे ही एकमेकांच्या 'विरुद्ध' म्हणून मांडलेली होती. पुढच्या दहा वर्षांत शाळांतल्या शिक्षकांनी त्यांना कळवले की, प्रौढांसाठी सुचवलेल्या पद्धती लहानांनाही उपयोगी पडतात आणि कधीकधी प्रौढांनाही मुलांसारखे हाताला धरून शिकवावे लागते. १९८० च्या आवृत्तीत नोल्स यांनी उपशीर्षकातला तो 'विरुद्ध' काढून टाकला आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट असे शब्द योजले. ज्याने भेद मांडला त्यानेच तो सैल केला, म्हणून तुम्हीही तो घट्ट धरून ठेवू नये असे मला वाटते.

आता तुमच्या वर्गातल्या माणसांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार घरांत 'मावशी' म्हणतात आणि त्यांतल्या दोन घरांना तरी तिचे नाव ठाऊक नसते. चहाच्या टपरीवरच्या किंवा कॅन्टीनमधल्या मुलाला दिवसभर 'ए छोटू' म्हणून हाक मारतात आणि त्याचेही नाव कुणी विचारत नाही. संध्याकाळी साडेसहाला ही दोघे एकाच वर्गात येऊन बसतात, तेव्हा दोघांच्याही पायांना दिवसभर उभे राहिल्याचा ठणका असतो, दोघांनीही धड जेवलेले नसते आणि दोघांनाही उद्या पहाटे उठायचे असते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली ती दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. त्या शाळेत येण्याची पात्रता श्रम ही होती आणि आजही तुमच्या वर्गातल्या ३४ जणांना एकत्र बांधणारी गोष्ट तीच आहे.

म्हणून हाक मारण्यापासून सुरुवात करा. तुम्ही मोठ्यांना 'काकू', 'मावशी' म्हणता आणि मुलांना 'अरे', 'काय रे' म्हणता, असे पत्रावरून दिसते. यात अनादर नाही, आपुलकीच आहे. पण त्यामुळे रोज हजेरीच्या वेळी तुम्हीच वर्गाचे दोन भाग करता. हजेरीला प्रत्येकाचे नाव घ्या, मोठ्यांच्या नावापुढे ताई किंवा दादा लावा आणि सोळा वर्षांच्या मुलासकट सगळ्यांशी अहो-जाहो करा. पहिले दोन दिवस मुले गालातल्या गालात हसतील. आठवड्याभरात तुम्हाला दिसेल की, ज्याला दिवसभर कुणी 'तुम्ही' म्हटलेले नसते, तो त्या एका शब्दाने पाठ ताठ करून बसतो. नातेवाचक हाक पूर्ण सोडावी असे मी म्हणत नाही, मधल्या सुट्टीत काकू काकूच राहू द्या. फळ्यासमोर मात्र त्यांना त्यांचे नाव असावे.

ज्या विद्यार्थिनी येईनाशा झाल्या आहेत त्यांच्याविषयी तुम्ही फार हळव्या मनाने लिहिले आहे. त्या घटनेकडे तुम्ही मुलांचा उद्धटपणा आणि बाईंचा दुखावलेला स्वाभिमान असे पाहिले आहे आणि त्यात तथ्य आहेच. पण मला आधी एक साधा प्रश्न विचारायचा आहे. त्यांना चाळिशीचा चष्मा आहे का? चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागणे हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते, आपल्या भाषेत त्या चष्म्याचे नावच चाळिशी पडले आहे. ज्या बाईला दिवसभरात बारीक अक्षर वाचण्याची वेळ येत नाही, तिला आपली नजर बदलल्याचे वर्षानुवर्षे कळतही नाही. मग ती रात्रशाळेत येते, पिवळ्या पडलेल्या ट्यूबलाइटखाली पाठ्यपुस्तक उघडते, अक्षरे पुसट दिसतात आणि ती समजते की आपण वाचायला विसरलो. तुम्हीही तेच समजता आणि मागच्या बाकावरची मुलेही.

मी ज्या रात्रशाळेत शिकवत होते तिथे पाच-सहा वर्षे माझ्याही हे ध्यानात आले नव्हते. एका विद्यार्थिनीने पुस्तक हाताच्या अंतरावर लांब धरलेले एकदा पाहिले, माझा स्वतःचा चष्मा तिला लावून पाहायला दिला आणि तिने न थांबता वाचून दाखवले ते ऐकून वर्गच गप्प झाला. त्यानंतर दरवर्षी जून महिन्यात आम्ही पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला डोळे तपासून यायला सांगू लागलो. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा धर्मादाय संस्थांच्या नेत्रशिबिरात हे फार खर्चाचे होत नाही. याला जोडूनच आणखी एक. चाळिशीचा चष्मा लावला की वही दिसते, पण फळा धूसर होतो. चष्मा काढला की उलटे होते. फळ्यावरून उतरवून घेताना मोठी माणसे मागे पडतात याचे निम्मे कारण हे आहे. गणिताची उदाहरणे फळ्यावर लिहून देण्याऐवजी दोन बाकांत मिळून एक छापील कागद द्या. आणि बाकांकडेही पाहा, कारण रात्रशाळा बहुधा दिवसाच्या प्राथमिक शाळेच्या खोल्यांत भरते आणि आठ वर्षांच्या मुलाच्या मापाच्या बाकात ५० वर्षांच्या गुडघ्यांना तीन तास बसवत नाही.

हशाबद्दल थोडे वेगळे सांगते. मुले हसली ते चुकलेच, आणि त्यांना तसे स्पष्ट सांगायला हवे. मात्र सगळ्यांसमोर नको, आणि त्यांच्याकडून जाहीर माफीही मागवू नका, कारण त्या माफीने बाईंची फजिती दुसऱ्यांदा साजरी होईल. हसणाऱ्यांत पुढाकार कुणाचा होता ते पाहा. बऱ्याचदा जो स्वतः वाचताना अडखळतो तोच दुसऱ्याच्या अडखळण्यावर आधी हसतो. उद्या आपली पाळी येणार ही भीती त्यामागे असते. ही भीती घालवण्याचा उपाय तुमच्या हातात आहे. आयत्या वेळी उभे करून कुणालाही मोठ्याने वाचायला लावू नका. उद्या कोण कोणता परिच्छेद वाचणार ते आज सांगा, म्हणजे लोकलमध्ये, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा घरी लेकरांसमोर तो दोनदा वाचून येता येतो. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे मोठ्यांसाठी काही वेगळी सवलत केली असेही कुणाला वाटणार नाही.

आता तुमच्या संकोचाकडे येते, कारण माझ्या मते पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तो आहे. मोठ्यांना चूक दाखवली तर त्यांचा अपमान होईल असे तुम्ही गृहीत धरले आहे. मीही अनेक वर्षे तसेच मानत होते. माझ्या वर्गात ५० च्या आसपासचे एक गृहस्थ होते, कामाच्या ठिकाणी बढतीसाठी त्यांना दहावीचे प्रमाणपत्र हवे होते. मी वर्षभर त्यांना एकदाही फळ्यापाशी बोलावले नाही, वहीत चूक दिसली तर खूण न करता शेजारी योग्य उत्तर हळूच लिहून ठेवले आणि याला मी आदर समजत होते. परीक्षेत ते भूमितीत नापास झाले. निकालानंतर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, पोरांना तुम्ही दहा वेळा चुकू दिलंत आणि दहा वेळा सांगितलंत. मला एकदापण चुकू दिलं नाहीत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. शिकायला आलेल्या माणसाची चूक न दाखवणे म्हणजे त्याला पाहुणा म्हणून बसवून ठेवणे होय, आणि पाहुण्याला परीक्षा देता येत नाही.

दुरुस्ती मात्र चुकीची असावी, माणसाची नसावी. "इथे चिन्ह बदलायचे राहिले" हे वाक्य सोळा वर्षांच्या मुलालाही म्हणा आणि बावन्न वर्षांच्या बाईलाही, त्याच आवाजात. तुमच्या वयाचा उल्लेख करून, लग्नाचे विचारून, 'बाळा' म्हणून काही विद्यार्थिनी तुम्हाला लहान करतात असेही तुम्ही लिहिले आहे. ते प्रेमाने घ्या, पण तास वेळेवर सुरू करा, वह्या त्याच रात्री तपासून परत द्या आणि जे येत नसेल ते "उद्या पाहून सांगते" म्हणून खरोखर दुसऱ्या दिवशी सांगा. मोठी माणसे शिक्षकाला जोखतात ती अशा गोष्टींवरून.

"यांच्याकडे बघून तरी शिका" हे वाक्य कृपा करून आजपासून बंद करा. ते ऐकणाऱ्या मुलाच्या कानात घरच्या सगळ्या टोमण्यांची भर पडते आणि ज्या बाईंचे उदाहरण दिले त्या विनाकारण त्याच्या रोषाच्या धनी होतात. तुमच्या वर्गातला हशा काही अंशी या वाक्यातून आला असेल, असे मला मनापासून वाटते. मोठ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी मुलांना "आम्ही या वयात शिकतोय, तुम्हाला काय धाड भरली" असे सुनावत असतील तर त्यांनाही एकटे गाठून थांबवा. त्या इथे विद्यार्थिनी आहेत, पर्यवेक्षक नव्हेत.

दोन तुकड्यांबद्दल माझे मत नाही असे आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा मलाही प्रिय आहे; गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन निघालेल्या आज्यांची छायाचित्रे कोण विसरेल? पण तिथल्या आज्या एकाच गावच्या, एकमेकींना जन्मभर ओळखणाऱ्या आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या होत्या; त्यांच्यापुढे बोर्डाची परीक्षा नव्हती. तुमच्या ३४ जणांना मार्चमध्ये एकच प्रश्नपत्रिका एकाच वेळी सोडवायची आहे. वयावरून तुकडी वेगळी केलीत, तर मोठ्यांच्या तुकडीवर 'हळू चालणारी' असा शिक्का बसेल आणि तो सर्वांत आधी त्या स्वतःच मान्य करतील. आपल्याकडे वयांची सरमिसळ नवीनही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा अगदी सुरुवातीला दाखल झालेल्यांत विशी ओलांडलेली एक विधवा होती, गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

मात्र एकत्र बसवणे म्हणजे सगळ्यांना एकाच वेगाने हाकणे नव्हे. वाढत्या वयात नवी गोष्ट पटकन पकडण्याचा वेग कमी होतो हे खरे आहे. शब्दसंपत्ती, अनुभव आणि साठवलेले ज्ञान मात्र उतारवयापर्यंत टिकते. त्यामुळे गट पाडायचे तर धड्यानुसार पाडा आणि धडा बदलला की गटही बदला. अंकगणिती श्रेढीचे उदाहरण घ्या. सूत्र सांगण्याआधी वर्गाला विचारा: बचत गटात पहिल्या महिन्याला १०० रुपये भरले आणि दर महिन्याला १० रुपये वाढवत नेले, तर वर्षाअखेरीला किती जमतील? बचत गटाचा हिशेब सांभाळलेली एखादी ताई बोटांवर मोजून सांगेल की, पहिला हप्ता १०० आणि शेवटचा २१० मिळून ३१०, दुसरा आणि अकरावा मिळूनही ३१०, अशा सहा जोड्या, म्हणजे १८६०. नेमक्या याच वाटेने बेरजेचे सूत्र निघते. ते फळ्यावर अक्षरांत मांडून दाखवण्याचे काम मग नुकत्याच नववीतून आलेल्या मुलीला द्या. निर्देशक भूमितीला हेच उलटे होईल. दिवसभर मोबाइलवरच्या नकाशावर पत्ते शोधणाऱ्या कुरिअरवाल्या मुलाला बिंदूची जागा दोन अंकांनी ठरते हे वेगळे समजावावे लागत नाही, आणि तो ते शेजारच्या काकांना तुमच्यापेक्षा सोपे करून सांगेल. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटीची खरी बिले वर्गात आणा. दुकानात काम करणारी मुले आणि घर चालवणाऱ्या बायका दोघेही तिथे जाणकार आहेत.

यात एक सावधगिरी हवी. तल्लख मुलांना मोठ्यांचे कायमचे शिकवणीवाले करू नका, त्यांचाही अभ्यास व्हायचा असतो. आणि मोठ्यांना प्रत्येक वेळी "तुमच्या अनुभवातले सांगा" म्हणून उभे करू नका. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता कुणाच्याच संसारात सापडत नाही, ती सगळ्यांना सारखीच बसून पाठ करावी आणि समजून घ्यावी लागते. काही बायका तर घर विसरायलाच शाळेत आलेल्या असतात.

लिहिण्याच्या वेगाचे राहिले. गणिताच्या एका भागाची ४० गुणांची लेखी परीक्षा दोन तासांची असते आणि ज्या हाताने तीस वर्षे सहीपलीकडे काही लिहिले नाही, त्याला एवढा वेळ सलग लिहिणे जड जाते. उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहतो. रोज तासाच्या आरंभी दहा मिनिटे सगळ्यांनी काहीही पाहून लिहावे आणि किती ओळी झाल्या ते ज्याने त्याने आपल्या वहीत टिपावे. हे आताच सुरू केले, तर मार्चपर्यंत फरक पडतो. मुलांनाही याची गरज आहे, कारण त्यांचा अंगठा मोबाइलवर सराईत असला तरी पेन धरायची त्यांची सवय सुटलेली असते.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी तास घेणारे, शिवणवर्ग किंवा संगणकवर्ग चालवणारे अनेक वाचक असाच प्रश्न विचारतात. तिथे सामायिक परीक्षेचा ताण कमी असेल, पण हाक, चष्मा, आधी सांगून वाचन आणि निःसंकोच दुरुस्ती या गोष्टी त्यांनाही तितक्याच लागू आहेत.

आता त्या तुमच्या विद्यार्थिनीला फोन करा, शक्यतो आजच. वर्गातल्या कुणामार्फत निरोप पाठवू नका आणि सगळ्यांना घेऊन त्यांच्या घरीही जाऊ नका. तीन आठवडे लपवलेली गोष्ट चाळीसमोर उघडी पडलेली त्यांना आवडणार नाही. मुले हसली ते चूक होते आणि तेव्हाच तुम्ही बोलायला हवे होते, एवढे एकदाच कबूल करा. त्यांनी घरातले काही कारण सांगितले, तर ते खोडून काढू नका. डोळे तपासले आहेत का ते विचारा. मग गणितात समरूपतेपर्यंत आलो की वर्तुळापर्यंत, ते पान नंबरासकट सांगा, आणि सोमवारी त्यांनी कोणता परिच्छेद वाचायचा आहे तेही.